वजनाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला जेवणाचा आग्रह नको

आर्वी : नागपूरचे नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये वजन कमी करण्याची बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया करून घेतली. तिच्या 'स्लीव्ह' प्रकारात जठराचा सुमारे पाऊण भाग काढतात. त्यामुळे थोड्या घासांतच पोट भरतं.

पहिले साधारण दोन आठवडे वरणाचं पाणी, ताक असं पातळच. मग मऊ, घोटलेलं. पोळी-भाकर दीड-दोन महिन्यांनी, डॉक्टर सांगतील तशी. ताटात आधी डाळ, अंडी, पनीर. घास बारीक चावायचा. जेवताना पाणी नाही. अर्ध्या तासाने प्यायचं. जीवनसत्त्वं, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या कायम.

पंगतीत 'अजून एक पोळी घे' म्हटलं तर त्याला उलटी होऊ शकते. अर्ध्या वाटीवर हात धुतला तरी रागावू नका. उलट्या थांबत नसतील तर लगेच दवाखान्यात न्या.