सहा किलोमीटरची कसोटी

सहाव्या पिढीच्या मोबाइल जाळ्याविषयी, म्हणजे सिक्स-जीविषयी, आपल्याकडे बोलले जाते ते बहुधा शर्यतीच्या भाषेत: आधी कोण पोहोचणार, चीन की अमेरिका, आणि त्यात भारत कुठे. हे जाळे मात्र कोणा एका देशात घडत नाही. संयुक्त राष्ट्रांची आयटीयू ही दूरसंचार संघटना आधी अपेक्षा ठरवते, मग त्या मोजण्याच्या कसोट्या ठरवते. त्यानंतर थ्री-जीपीपी या मंचावर जगभरच्या अभियंत्यांनी लिहिलेले तंत्र त्या कसोट्यांना उतरते का, हे तपासले जाते. १९९८ साली सुरू झालेल्या या मंचात आज युरोप, अमेरिका, चीन, दक्षिण कोरिया आणि भारत यांची प्रत्येकी एक आणि जपानच्या दोन, अशा सात मानकसंस्था भागीदार आहेत. या सहकार्यातून भारताच्या पदरात काय पडणार, ते कसोट्या लिहिल्या जातात त्या टप्प्यावर ठरते, असे माझे म्हणणे आहे. तंत्र तयार झाल्यावर घातलेला वाद महाग पडतो.

याचा पुरावा पाचव्या पिढीच्या इतिहासातच आहे. ग्रामीण भागासाठीच्या आयटीयूच्या दोन कसोट्यांत दोन टॉवरांमधले अंतर धरले होते १,७३२ मीटर. एवढे दाट टॉवर भारतातल्या खेड्यापाड्यांत कोण उभारणार? टीएसडीएसआय या भारतीय मानकसंस्थेने वेगळे चित्र मांडले. फायबर ग्रामपंचायतीपर्यंत येणार, टॉवर तिथेच उभा राहणार आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांना त्याच्यावरच भागवावे लागणार. म्हणून टॉवरांमधले अंतर सहा किलोमीटर धरा आणि वापरणारा घरात, पायी किंवा संथ वाहनात आहे असे समजा. २०१७ मध्ये आयटीयूने ही कसोटी स्वीकारली. अडचण खरी होती ती हँडसेटची. टॉवरकडे संदेश पाठवण्याची ताकद पुरेशी असते. लांबच्या हँडसेटचा क्षीण संदेश टॉवरपर्यंत पोहोचत नाही. आयआयटी हैदराबाद आणि आयआयटी मद्रास येथील संशोधकांनी लहरींचा आकारच असा घडवला की त्यांतले चढउतार कमी होतात आणि हँडसेटचा प्रवर्धक जवळजवळ पूर्ण ताकदीने चालवता येतो.

पुढे जे झाले ते अधिक शिकवणारे आहे. हे तंत्र 'फाइव्ह-जी-आय' नावाचे स्वतंत्र मानक म्हणून पुढे आले आणि २०२१ मध्ये आयटीयूच्या यादीत बसलेही. पण देशातल्याच मोबाइल कंपन्यांनी हरकत घेतली: वेगळ्या मानकाचे हँडसेट आणि उपकरणे कोण बनवणार आणि ती कोणत्या भावात मिळणार? हरकत रास्त होती. अखेर डिसेंबर २०२१ मध्ये ते थ्री-जीपीपीच्या सतराव्या आवृत्तीत विलीन करायचे ठरले. यातून दोन वेगळे निकाल हाती येतात. स्वतंत्र मानक टिकले नाही. सहा किलोमीटरची कसोटी टिकली, आणि ती भारतापुरती राहिली नाही.

आत्मनिर्भरतेचा आग्रह धरणारे विचारतील, स्वतःचे मानक का नको? तो प्रयोग आपल्यापेक्षा श्रीमंत देशांनी करून पाहिला आहे. जपानने दुसऱ्या पिढीत पीडीसी हे आपले मानक १९९३ पासून चालवले. ते तांत्रिकदृष्ट्या उत्तम होते, पण जपानबाहेर रुजलेच नाही आणि जपानी हँडसेट कंपन्या मायदेशातच अडकल्या. चीनने तिसऱ्या पिढीत स्वतःचे टीडी-एससीडीएमए उभे केले. चौथ्या पिढीत मात्र त्यामागची मूळ कल्पना सामायिक मानकात नेली. २०१२ मध्ये कोलकात्यात भारतातली पहिली फोर-जी सेवा सुरू झाली ती त्याच सामायिक मानकाच्या प्रकारावर. सामायिक मानकाने स्वदेशी उद्योग मरतो, हेही खरे नाही. तेजस नेटवर्क्स, सी-डॉट आणि टीसीएस यांनी बीएसएनएलसाठी फोर-जी जाळे उभे केले, ते थ्री-जीपीपीची कागदपत्रे सर्वांना खुली होती म्हणूनच.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा आहे, आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिका, जपान, ब्रिटन यांच्यासह दहा देशांनी सिक्स-जीसाठी संयुक्त तत्त्वे जाहीर केली. त्यांत चीन नाही, भारतही नाही. उद्या दोन गट दोन मानके लिहू लागले तर? अमेरिकेचाच अनुभव इथे पाहावा. २०१९ मध्ये तिने ह्वावे या चिनी कंपनीवर व्यापारी निर्बंध घातले आणि साधारण वर्षभरानंतर, जून २०२० मध्ये, मानके ठरवण्याच्या कामापुरती आपल्या कंपन्यांना मोकळीक दिली, कारण निर्बंधांच्या भीतीने गप्प बसलेल्या अमेरिकी अभियंत्यांची बैठकांतली जागाच कमी होत होती. उपकरण कोणाकडून घ्यायचे हा निर्णय वेगळा. भारतानेही २०२१ पासून दूरसंचार जाळ्यात विश्वासार्ह स्रोतांकडूनच खरेदीचा नियम केला आणि थ्री-जीपीपीतली जागा सोडली नाही. हेच शहाणपणाचे आहे.

या बैठकांत पेटंटांचे गठ्ठे आणि शेकडो अभियंते बाळगणाऱ्या बड्या कंपन्यांचेच चालते, ही तक्रार मात्र मला पुष्कळशी मान्य आहे. म्हणून तर कसोटीचा टप्पा मोलाचा. तिथे पेटंटांपेक्षा मोजमापे लागतात, आणि ती आपल्या भूमीवर आपणच घेऊ शकतो. सहा किलोमीटरची कसोटी सरासरी ग्रामीण प्रदेश धरते. मेळघाटात किंवा सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर दोन वाड्या जवळ असूनही मधला डोंगर लहरी अडवतो, आणि जुलैतले ओले रान एप्रिलपेक्षा जास्त लहरी शोषते. आयटीयूने २०२३ मध्ये मंजूर केलेल्या सिक्स-जीच्या आराखड्यात 'सर्वत्र जोडणी' हा स्वतंत्र उद्देश आहे. तो किती डोंगरांपर्यंत पोहोचेल, हे अशाच आकड्यांवर ठरणार. वेळापत्रक आखलेले आहे: कसोट्या २०२६ पर्यंत, प्रस्ताव २०२७ ते २०२९, अंतिम मानक २०३०. कसोट्या ठरल्यावरही दार बंद होत नाही: प्रस्ताव तपासणारे स्वतंत्र गट आयटीयूकडे नोंदवता येतात, आणि त्यासाठी कंपनी असावे लागत नाही. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आणि विद्यापीठांनी पुढचे दोन पावसाळे घाटांत मोजमापे घ्यावीत आणि ती टीएसडीएसआयमार्फत या तपासणीत मांडावीत.