जादा पाटा

आमच्या घरात ‘पाटा’ म्हटले की आधी वरवंटा आठवतो. त्यामुळे धाकटा भाऊ परवा म्हणाला, “भाईजान, गाडीला एक पाटा जादा टाकायचाय,” तेव्हा अम्मीने विचारले, “कशाला? त्यात मसाला वाटणार का?” प्रश्न थट्टेचा होता, पण तो पाटा शेवटी तिच्याच पाठीवर आला.

भावाचे अक्कलकोट रोड एमआयडीसीत चार मागांचे शेड आहे आणि त्याच आवारात आम्ही राहतो. गाडी म्हणजे २०१२ सालची मारुती ओम्नी. ही गाडी कंपनीने २०१९ मध्ये बंद केली. मागची सीट दुमडली की टॉवेलचे गठ्ठे मावतात, सीट उघडली की तीच गाडी अम्मीला आठवड्यातून दोनदा मणक्याच्या व्यायामासाठी दवाखान्यात नेते. गठ्ठे भरले की मागचा भाग खाली बसायचा आणि पुढचे दिवे आभाळाकडे बघायचे. म्हणून जादा पाट्याचा विचार.

ओम्नीच्या मागच्या बाजूला लोखंडी पट्ट्यांची कमान असते. एकावर एक ठेवलेल्या त्या पट्ट्या म्हणजे पाटे. वजन तोलायचे काम त्यांचे. शॉकअपचे काम वेगळे. दबलेली स्प्रिंग परत उसळते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते. ती उसळी शॉकअप मारतो. गाडी खाली बसते म्हणून नवे शॉकअप टाकणारे आणि गाडी झुलते म्हणून पाटा वाढवणारे, दोघेही चुकीच्या दुखण्यावर औषध घेतात.

रॉबर्ट हुक या शास्त्रज्ञाने १६७८ मध्येच सांगून ठेवले आहे की स्प्रिंगवर वजन दुप्पट केले की ती दुप्पट दबते. समजा, एका बाजूची कमान वीस किलोला एक सेंटिमीटर दबते. शंभर किलोला ती पाच सेंटिमीटर दबेल. जादा पाटा घालून ती पंचवीस किलोला एक सेंटिमीटर झाली, तर शंभर किलोला चारच. मागचा भाग उचललेला दिसतो आणि माणसाला वाटते, गाडीची ताकद वाढली. प्रत्यक्षात टायर तेच, ब्रेक तेच, आस तोच. नोंदणी पुस्तकातले वजनही तेच. काही गाड्यांत तर मागचा भाग किती दबला यावरून मागच्या ब्रेकचा जोर ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. पाट्याने गाडी उचलून धरली की भरलेली असूनही ती रिकामी आहे असे त्याला वाटते आणि मागचा ब्रेक कमी पडतो.

हे सगळे मी काम झाल्यावर वाचले. आधी आम्ही पाटा बसवला. काम मी आणि पुतण्याने अंगणात केले. त्यातली एक गोष्ट मात्र बरोबर केली. पुतण्या गाडीखाली ठेवायला विटा घेऊन आला होता. त्या मी परत पाठवल्या. वीट भाराखाली केव्हा फुटेल याचा नेम नाही, आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरणे म्हणजे वेडेपणा. गॅरेजमधून दोन लोखंडी घोड्या मागून आणल्या, पुढच्या चाकांना दगड लावले, चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले. घोड्या चासीखाली लावल्या, म्हणजे आस मोकळा लोंबतो आणि पाट्यांवरचा ताण उतरतो.

गंजलेल्या यू-बोल्टांना आदल्या रात्रीच डिझेल पाजले होते. पाट्यांच्या मधला बोल्ट काढण्यापूर्वी सगळी चळत शिकंज्यात आवळावी लागते, नाहीतर पाटे फटकन उघडतात आणि बोटे जातात. त्या बोल्टाचे डोके आसावरच्या भोकात नेमके बसले पाहिजे. नाही बसले तर आस तिरका राहतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते. यू-बोल्ट नवेच घ्यावेत, कारण जुने ताणलेले असतात. आवळताना एकदा इकडचा, एकदा समोरचा, असे थोडे थोडे. रबरी बुशांचे बोल्ट मात्र गाडी जमिनीवर उतरवून, तिचा भार आल्यावरच पक्के करायचे. लोंबत्या अवस्थेत आवळले तर रबर पिळलेले राहते आणि लवकर फाटते. शंभरेक किलोमीटरनंतर सगळे पुन्हा आवळायचे.

गठ्ठे भरून गाडी निघाली तेव्हा भाऊ खूष होता. सरळ, ताठ चालली.

दुसऱ्या दिवशी अम्मीला घेऊन निघालो. मागे ती एकटी, चाळीस किलोची. तेवढ्या वजनाला कमान हलेच ना. रस्त्यातला प्रत्येक खड्डा चाकातून थेट सीटवर येत होता. एका खड्ड्यात मागची चाके क्षणभर उचलली गेली. ओम्नीत इंजिनची ताकद मागच्याच चाकांना जाते, त्यामुळे पावसात असे झाले असते तर काय, हा विचार मला नंतर आला. अम्मी काही बोलली नाही. दवाखान्याच्या दारात उतरताना तिने दरवाजा धरला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली.

त्याच रविवारी पाटा काढला. जुने शॉकअप तेलाने ओले झाले होते, म्हणजे गळत होते, ते बदलले. आता गठ्ठे दोन खेपांत जातात. पेट्रोल जास्त लागते आणि भाऊ अजून कुरकुरतो.