गाई, वर्ग आणि शुक्रवारची सभा

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानाच्या पूर्व अंगास, नेव्हाडाच्या सरहद्दीजवळ, व्हाइट आणि इन्यो या दोन पर्वतरांगांच्या कुशींत डीप स्प्रिंग्ज नांवाचें एक खोरें आहे. समुद्रसपाटीपासून उंची पांच हजार फुटांहून अधिक, पाऊस अत्यल्प, आणि हिरवें म्हणावें असें दूरवर कांहीं नाहीं. सारीं खुरटीं झुडपें. अशा या खोऱ्यांत १९१७ सालापासून एक कॉलेज चाललें आहे. विद्यार्थी किती म्हणाल, तर दरसाल बारा ते पंधरा नवे घेतात आणि शिक्षणक्रम दोन वर्षांचा. म्हणजे सारे मिळून पंचवीस-तीस. आपल्याकडील जुन्या वाड्यांत मुंजीच्या आदल्या दिवशीं याहून अधिक मंडळी जमत असत.

विद्यार्थ्यांकडून शिक्षणाची फी, खोलीचें भाडें वा जेवणाचा आकार यांपैकीं कांहींच घेतलें जात नाहीं. मात्र प्रत्येकानें आठवड्यांतून निदान वीस तास अंगमेहनतीचें काम केलें पाहिजे, असा दंडक आहे. आतां अंगमेहनत म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांपुढें शाळेंतील बागकामाचा तास उभा राहील: चार रोपांना पाणी घालावयाचें आणि वहींत मास्तरांचा शेरा घ्यावयाचा. येथला प्रकार तसा नाहीं. कॉलेजच्या मालकीची शेतवाडी व गुरांचा कळप आहे, आणि तेथील बरेचसें काम विद्यार्थ्यांच्याच हातून व्हावयाचें असतें. गुरांचा व शेतीचा कारभार पाहणारे जाणते लोक पगारी असतात. विद्यार्थी त्यांच्या हाताखालीं शिकतात.

पहांटे, उजाडण्यापूर्वीं, ज्यांची पाळी असेल ते विद्यार्थी गोठ्याकडे जातात. धार काढणें, दूध जेवणघरांत पोंचविणें, गोठा साफ करणें हें त्यांचें काम. सायंकाळीं पुन्हां तेंच. हिवाळ्यांत या खोऱ्यांत पारा गोठणबिंदूच्या खालीं जातो, पण गाईला त्याची सबब सांगून चालत नाहीं. दुसऱ्या दिवशीं निबंध द्यावयाचा असला तरीही चालत नाहीं. वेळेवर धार न काढलेल्या गाईची कांस ताठते, दुखते, आणि हयगय चालूच राहिली तर तिला रोग जडतो, हें ज्यांच्या घरीं कधीं काळीं दुभतें होतें त्यांस सांगावयास नको. वर्गांतील चुकीबद्दल गुण जातात. येथील चुकीचें दुःख एका मुक्या जनावरास होतें, आणि तें चूक करणाऱ्याला समोर उभें राहून पाहावें लागतें.

इतर कामेंही याच जातीचीं. शेतांत मुख्यतः लसूणघास पिकते; ती गुरांचा चारा. तिला पाणी देण्याचे नळ शेतांतून पुढें पुढें हलवीत न्यावे लागतात. ते वेळेवर हलविले नाहींत तर एका पट्ट्यांत चिखल आणि दुसऱ्यांत धूळ. कोणी भाजीपाल्याच्या मळ्यांत, कोणी ग्रंथालयांत, कोणी डागडुजीवर. उन्हाळ्यांत कळप पर्वतावरील कुरणांत चढतो, तेव्हां कांहीं विद्यार्थी घोड्यावर बसून त्याच्यामागें जातात. जेवणघरांत मुख्य आचारी पगारी असला तरी त्याच्या हाताखालचें काम विद्यार्थ्यांचें, आणि शिक्षक, त्यांचीं कुटुंबें व नोकरवर्ग अशा सर्वांचीं जेवणें झाल्यावर भांडीं घांसणेंही विद्यार्थ्यांचेंच. एक काम असें आहे कीं तें ऐकून आपल्यापैकीं पुष्कळांच्या कपाळास आठी पडेल. कळपांतील जनावर मारून त्याचें मांस जेवणघरास पुरविणें हेंही विद्यार्थ्यांपैकींच एकाकडे असतें. शाकाहारी वाचकांस तें रुचावें असें आम्ही म्हणत नाहीं; परंतु जो खातो त्यानें तें कोठून आलें हें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें, यांत एक प्रकारचा सचोटीपणा आहे, एवढें कबूल केलें पाहिजे.

यावरून हें एखादें शेतकी विद्यालय असावें असें वाटेल. तसें मुळींच नाहीं. अभ्यास तत्त्वज्ञान, वाङ्मय, राज्यशास्त्र, गणित, सृष्टिविज्ञान यांचा. वर्ग इतके लहान कीं सारे एका मेजाभोवतीं बसतात; मागच्या बांकावर तोंड लपविण्याची सोय नाहीं, कारण मागचा बांकच नाहीं. लेखन आणि वक्तृत्व हे दोन विषय सक्तीचे. ठरलेल्या संध्याकाळीं सर्व मंडळी जमतात आणि पाळी येईल त्यानें उठून बोलावयाचें. श्रोत्यांत कालच आपल्याबरोबर शेण उचलणारा सोबती असतो, त्यामुळें पोकळ अलंकारिक भाषण फारसें टिकत नाहीं. येथून निघालेले विद्यार्थी पुढें बहुधा मोठमोठ्या विद्यापीठांत जाऊन पदवी घेतात. संयुक्त राष्ट्रसंघांत अमेरिकेचे उपप्रतिनिधि झालेले विल्यम व्हँडन ह्यूव्हेल आणि कादंबरीकार विल्यम व्होलमन हे याच खोऱ्यांतले.

अशा आडरानांत कॉलेज काढण्याची कल्पना कोणाच्या डोक्यांतून निघाली, हें पाहण्यासारखें आहे. संस्थापक ल्यूशियन ल्यूशियस नन हे धंद्यानें वकील. जन्म १८५३ सालचा. कोलोरॅडो संस्थानांतील टेल्युराइड या गांवीं त्यांचा एका सोन्याच्या खाणीशीं संबंध आला. खाण उंच डोंगरांत, आणि जळण वर चढविण्याचा खर्च इतका कीं खाण बुडण्याच्या बेतांत. खालीं नदी वाहत होती. तिच्या पाण्यावर वीज करून ती वर न्यावी, असें नन यांनीं ठरविलें. त्या काळीं एडिसन यांचा एकाच दिशेनें वाहणारा प्रवाह चांगला, कीं वेस्टिंगहाउस यांचा दिशा पालटणारा प्रवाह चांगला, याबद्दल मोठा वाद चालू होता. नन यांनीं दुसऱ्याची कांस धरली, आणि १८९१ सालीं एम्स येथील वीजघरांतून जवळजवळ तीन मैलांवरील खाणीस वीज पोंचली. उद्योगधंद्यासाठीं अशा प्रवाहाचा उपयोग करणाऱ्या जगांतील पहिल्या वीजघरांत त्याची गणना होते.

आतां प्रश्न आला माणसांचा. हें नवें यंत्र चालविणारे कारागीर तयार कोठून मिळणार? नन यांनीं तरुण मुलांना हाताशीं धरलें. दिवसा तारा ओढणें, यंत्रें राखणें, आणि त्याबरोबरच पुस्तकें. बंधु पॉल नन हे एंजिनियर. त्यांनींही या शिकवणुकींत हात घातला. डोंगरांतील त्या एकाकी वीजघरांत मुलें ज्या झपाट्यानें शहाणीं झालीं तो नन यांच्या मनांतून गेला नाहीं. पुढें त्यांनीं विजेच्या धंद्यांतील पैसा शिक्षणाकडे वळविला, हें खोरें गुराढोरांसह विकत घेतलें आणि १९१७ सालीं कॉलेज सुरू केलें.

वाचकांनीं येथवरच्या हकीकतीवरून या कॉलेजची खरी ओळख श्रमांत आहे असें समजूं नये. श्रमांपेक्षांही अवघड गोष्ट शुक्रवारीं रात्रीं होते. त्या रात्रीं सर्व विद्यार्थ्यांची सभा भरते, आणि ती कित्येकदां उत्तररात्रीपर्यंत लांबते. कोणास कोणतें काम द्यावयाचें हें ठरविणारा श्रमाधिकारी विद्यार्थ्यांपैकींच, त्यांनींच निवडलेला. पुढील वर्षीं कोणीं प्रवेश मिळवावा हें ठरविणारी समिति मुख्यतः विद्यार्थ्यांची. कोणते विषय शिकवावे व कोणत्या शिक्षकास बोलवावें याचा विचार करणाऱ्या समितींतही विद्यार्थीच पुढें. विश्वस्तमंडळांत दोन जागा विद्यार्थ्यांच्या. आणि आणखी एक समिति अशी कीं पहिलें वर्ष संपल्यावर एखाद्या सोबत्यास दुसऱ्या वर्षासाठीं पुन्हां बोलवावें कीं नाहीं याचा ती निवाडा करते.

हें शेवटचें वाचून मन जरा दचकतें. ज्याच्याबरोबर एका मेजावर जेवलों, ज्याच्या तापांत उशाशीं बसलों, त्याच्याविषयीं अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलानें मत द्यावयाचें! एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस यांतील पेंच चटकन् उमगेल. आपल्याकडे असा निवाडा वडीलधाऱ्यांवर सोंपवून धाकटे मोकळे होत. येथें वडीलधारे मुद्दाम बाजूस होतात. गटबाजीला, मनांतल्या अढीला यांत जागा राहते, हें उघड आहे, आणि शंभर वर्षें ही पद्धति चालली म्हणून ती निर्दोष ठरत नाहीं. पण मतदानाचा परिणाम सोसणारी व्यक्ति समोरच बसलेली असणें, याहून कडक नागरिकशास्त्राचा धडा आम्हांस तरी दुसरा सुचत नाहीं.

सत्र चालू असतां विद्यार्थ्यांनीं कारणाशिवाय खोरें सोडून बाहेर जावयाचें नाहीं आणि मद्य वा अमली पदार्थ यांना शिवावयाचें नाहीं, असे दोन नियम आहेत. ते पाळण्याची जबाबदारीही विद्यार्थीमंडळानें आपल्या अंगावर घेतलेली आहे. रात्रीं फिरून बघणारा रेक्टर येथें नाहीं.

महाराष्ट्रीय वाचकांस या सर्वांत अगदीं परकें असें कांहीं वाटूं नये. पुण्यांत वार लावून जेवून शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या गोष्टी पुष्कळ घरांतून सांगितल्या जातात. पण तेथें विद्यार्थी आश्रित असे. आश्रिताला मान खालीं घालावी लागते. ती मान वर राहावी म्हणून कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९४७ सालीं साताऱ्यास छत्रपति शिवाजी कॉलेज काढलें, आणि ‘कमवा व शिका’ ही योजना तेथें रुजविली. दोहोंत अंतरही मोठें आहे. साताऱ्याचा विद्यार्थी राबला तो घरची गरिबी ओलांडण्यासाठीं. डीप स्प्रिंग्जचा विद्यार्थी पुष्कळदां असा असतो कीं त्याला दुसऱ्या एखाद्या नामांकित विद्यापीठाचीं दारें उघडीं असतात, आणि तीं सोडून तो गोठ्याकडे येतो. शिवाय पंचवीस-तीस जणांना फुकट शिकवावयाचें म्हणजे मागें मोठा निधि आणि माजी विद्यार्थ्यांचा उदार हात लागतो. लाखों मुलांच्या देशाला हा नमुना जसाच्या तसा उचलतां येणार नाहीं, साताऱ्याचा येईल.

या कॉलेजच्या आयुष्यांतील सर्वांत मोठी कसोटी गाईंवरून वा पैशावरून आली नाहीं; ती एका शब्दावरून आली. नन १९२५ सालीं निवर्तले. मागें ठेवलेल्या विश्वस्तपत्रांत त्यांनीं हें शिक्षण होतकरू तरुण पुरुषांसाठीं असल्याचें लिहिलें होतें, आणि त्याप्रमाणें शंभर वर्षें तेथें केवळ मुलगेच शिकले. शिक्षिका आल्या, शिक्षकांच्या मुली त्याच आवारांत वाढल्या. विद्यार्थिनी मात्र नाहीं. या प्रश्नावर वर्षानुवर्षें वाद होत आला. अखेर २०११ सालीं विश्वस्तांनीं बहुमतानें मुली घेण्याचें ठरविलें. असहमत विश्वस्त न्यायालयांत उभे राहिले. ज्याच्या पैशावर संस्था उभी आहे त्याचा शब्द तो हयात नसतां बदलण्याचा अधिकार कोणाला, हा त्यांचा सवाल. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं समाजाची सेवा करणारीं माणसें घडविणें हा संस्थापकाचा हेतु. त्या हेतूला आजच्या काळांत अर्धा समाज वगळून न्याय मिळत नाहीं.

वडिलांच्या मृत्युपत्रावरून भावाभावांत झालेले तंटे ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस हा सवाल हंसण्यावारी नेतां येणार नाहीं. पहिल्या पक्षाची निष्ठा खोटी होती असें आम्हांस वाटत नाहीं. पण तिच्यांत एक उणीव होती. नन यांनीं सांगितलेलें काम, म्हणजे धार, चूल, भांडीं, मळा, हें जगांत बहुतेक ठिकाणीं बायकांच्याच माथीं मारलेलें काम. मुलगे तें करून शहाणे होतात असा अनुभव असेल, तर तेंच काम जन्मभर करणाऱ्यांच्या मुलींना त्या शहाणपणाचें दार बंद कां? खटला वर्षानुवर्षें चालला. एप्रिल २०१७ मध्यें कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयानें मुली घेण्यास मोकळीक दिली. जूनमध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें प्रकरण पुन्हां ऐकण्याचें नाकारलें. आणि जुलै २०१८ मध्यें पहिल्या विद्यार्थिनी खोऱ्यांत उतरल्या. त्यांच्यासाठीं वेगळें कामपत्रक नाहीं. गाई, नळ, कढया, घोडे सर्वांच्या वांट्यास सारखेच.

प्रवेशाची रीतही शेवटीं सांगितली पाहिजे, कारण आपल्याकडील पालक प्रथम तीच विचारतात. आधीं लांबलचक निबंध लिहून पाठवावयाचे. ते विद्यार्थ्यांची समिति वाचते, आणि त्यांतून निवडलेल्यांना कांहीं दिवस खोऱ्यांत येऊन राहण्यास बोलावते. पाहुणा म्हणून त्याला खुर्चींत बसवीत नाहींत. तो वर्गांत बसतो, सर्वांबरोबर जेवतो, मुलाखत देतो, आणि मधल्या वेळांत त्याच्याही हातीं काम देतात.