तात्पर्याच्या अलीकडचं पान

मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला कथालेखनाचा प्रश्न आठवत असेल. मुद्दे दिलेले असतात: उन्हाळ्याचे दिवस, तहानलेला कावळा, रांजणात तळाशी पाणी, खडे. त्यावरून गोष्ट लिहायची, तिला शीर्षक द्यायचं आणि शेवटी एक ओळ सोडून ‘तात्पर्य’ लिहायचं. ते राहिलं तर गुण जातात. त्यामुळे हुशार मुलं आधी तात्पर्य ठरवतात आणि मग त्याच्या मापाची गोष्ट बेततात. कावळ्याला तहान लागली होती, हे कागदावर असतं. त्याच्या उघड्या चोचीकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही.

लहान मुलांसाठीच्या चित्रपुस्तकांबद्दल बोलताना या तात्पर्याशी गाठ पडतेच. घरोघरी पुस्तक वाचून झालं की आई, आजी किंवा बाई विचारतात, “मग यातून आपण काय शिकलो?” विचारण्यामागे माया असते, शंकाच नाही. पण मूल त्या वेळी पुस्तकाच्या कोपऱ्यातल्या मांजरीकडे बघत असतं. ती मांजर आधीच्या पानावर कुठं होती, हे त्याला शोधायचं असतं.

ही सवय फार जुनी आहे. छापलेल्या मराठीच्या अगदी सुरुवातीलाच नीतिकथा भेटते. तंजावरच्या सरफोजीराजांनी आपल्या छापखान्यात १८०६ मध्ये ‘बाळबोध मुक्तावली’ छापून घेतली, ती इसापच्या गोष्टींची होती. पुढं मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्र्यांनी इसापनीती मराठीत आणली, ‘बाळमित्र’ आणला. विनायक कोंडदेव ओकांचं ‘बालबोध’ १८८१ मध्ये निघालं, वासुदेव गोविंद आपट्यांचं ‘आनंद’ १९०६ मध्ये. या मंडळींनी मराठी मुलांना वाचायला शिकवलं. ते ऋण मोठं आहे. पण मुलाला काहीतरी द्यायचं म्हणजे उपदेश द्यायचा, ही समजूतही त्याच वाटेनं घरात शिरली.

या वाटेवर अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, फार लवकर लागतं. नगरचं जिल्हा वाचनालय १८३८ चं, महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांपैकी एक. त्याच सुमारास सिंथिया फरार या अमेरिकन मिशनच्या बाई नगरला आल्या आणि १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी इथं मुलींच्या शाळा चालवल्या. त्यांची शाळा पाहून जोतीराव फुले पुण्याला परतले आणि १८४८ मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली, हा इतिहास सर्वांना माहीत आहे. जून १८४२ मध्ये याच मिशननं नगरमध्ये ‘ज्ञानोदय’ सुरू केलं. तीनेक वर्षांत ते मुंबईला गेलं, पण जन्मगाव नगरच. १८७० च्या दशकात मिशनच्या मंडळींनी मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ हे सचित्र मासिक काढलं. मराठीतल्या मुलांच्या पहिल्यावहिल्या मासिकांत त्याची गणना होते. उपदेश त्यातही होता, मिशनचं मासिक म्हटल्यावर तो असणारच. पण नावात ‘मेवा’ आहे. मुलाच्या हातात काहीतरी गोड ठेवायचं, ही जाण त्या नावात दिसते.

मग नगरमध्ये एक कवी राहायला आला आणि मराठी मुलांच्या वाचनात खरा बदल झाला.

नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि नंतरची बरीच वर्षं त्यांचं बिऱ्हाड नगरला होतं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’मधलं नगर म्हणजे प्लेगचं, उपासमारीचं, आल्यागेल्याचं आणि पोरक्या पोरांचं नगर. बालकवी ठोंबरे या घरात मुलासारखे वावरले. टिळकांना लोक ‘फुलामुलांचे कवी’ म्हणू लागले. पिढ्यान्पिढ्या पाठ्यपुस्तकात राहिलेली त्यांची कविता म्हणजे ‘केवढे हे क्रौर्य’. घायाळ झालेली पक्षीण कशीबशी घरट्याशी पोचते, पिलांना शेवटचा घास देते आणि मरते. पण ती कविता शेवटी काय करते, ते नीट पाहायला हवं. शिकाऱ्याला शिक्षा होत नाही. मुलांनो, पाखरांना मारू नका, असं कवी सांगत नाही. शेवटच्या ओळींत फक्त एक दृश्य उरतं: मातीत पसरलेले पंख, वर झालेलं पांढुरकं पोट, उघडी राहिलेली चोच, ताणलेले पाय. कविता तिथं थांबते. बेचकी घेऊन फिरणाऱ्या किती पोरांचे हात त्या चोचीनं थांबवले असतील! चित्रकार नसताना टिळकांनी लिहिलेलं ते चित्रपुस्तकाचं शेवटचं पान आहे.

नगरच्या पाखरांची दुसरी गोष्ट भुईकोट किल्ल्यातली. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसच्या कार्यकारिणीला पकडून तिथं ठेवलं. नेहरूंनी तिथं ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, हे नगरचं पोर सहलीत ऐकतं. पण मौलाना आझादांनी त्याच किल्ल्यात मित्राला उद्देशून उर्दूत पत्रं लिहिली. ती ‘गुबार-ए-खातिर’ या नावानं १९४६ मध्ये छापली गेली. त्यातलं एक प्रकरण चिमण्यांवर आहे. खोलीच्या छताला चिमण्यांची घरटी आणि खाली पडणारा काडीकचरा. मौलाना आधी छत्री उगारतात, मग बांबू घेतात, हरतात आणि शेवटी तांदळाचे दाणे टाकू लागतात. चिमण्या भीत भीत पुढं येतात, हळूहळू हातापर्यंत पोचतात. एक पिल्लू उडायला तयारच नसतं. डोळे मिटून पडून राहतं आणि एके दिवशी अचानक झेपावतं. मौलाना विद्वान, त्यांनी त्यावर चिंतनही केलं आहे. पण वाचणाऱ्याच्या मनात राहतो तो तुरुंगातल्या माणसाच्या तळहातावरचा तांदळाचा दाणा. हे लिखाण मुलांसाठी नव्हतं. तरी आठ पानांच्या चित्रपुस्तकाला पुरेल इतकं सगळं त्यात आहे: एक माणूस, एक पाखरू, एक भांडण आणि सावकाश झालेली दोस्ती.

चित्रं दाखवत गोष्ट सांगणं इकडच्या मातीला नवं नाही. शेवगाव तालुक्यातून गोदावरी ओलांडली की पैठण. तिथल्या चित्रकथी परंपरेतली रामायण-महाभारताची चित्रं पुण्याच्या केळकर संग्रहालयात आजही पाहायला मिळतात. एकेक चित्र पुढं धरायचं आणि कथा गात जायची. ऐकणारा डोळ्यांनीही ऐकत असे. छपाई आल्यावर हे नातं बराच काळ तुटलं. चित्र परवडेनासं झालं. गोष्टीच्या पुस्तकात चार पानांमागं एखादं काळं-पांढरं चित्र, तेही मजकुरात आहे तेच पुन्हा दाखवणारं.

चित्रपुस्तकात चित्र मजकुराचं ओझं वाहत नाही, ते स्वतः बोलतं. मॉरिस सेंडॅकचं १९६३ मधलं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ याचा जगभर दिला जाणारा नमुना आहे. मॅक्स मस्ती करतो, आई त्याला जेवण न देता झोपायला पाठवते. खोलीत झाडं उगवू लागतात. सुरुवातीला पानावरचं चित्र लहान, भोवती पांढरी चौकट. मॅक्स जसा मनानं लांब जातो, तशी चित्रं मोठी होत जातात आणि शेवटी तीन जोडपानं शब्दांशिवाय नुसता धिंगाणा. मग त्याला घरची आठवण येते. परततो तर खोलीत जेवण ठेवलेलं असतं. ते अजून गरम आहे, हे सांगणारं अखेरचं पान चित्राशिवाय आहे. आई पुस्तकभर एकदाही दिसत नाही. तिनं माफ केलं, असंही कुणी म्हणत नाही. गरम जेवण पुरतं.

मराठीत ही समज सर्वांत खोलवर रुजवली ती माधुरी पुरंदरे यांनी. चित्रकलेचं रीतसर शिक्षण, गाणं, ‘वेटिंग फॉर गोदो’चं भाषांतर, पिकासोचं चरित्र अशी त्यांची मोठी वाटचाल, पण मराठी घरांत त्यांचा मुक्काम मुलांच्या पुस्तकांमुळं आहे. ज्योत्स्ना प्रकाशनानं काढलेलं ‘राधाचं घर’ घ्या. छोटी राधा घरातल्या एकेका माणसाची ओळख करून देते. ‘हात मोडला’, ‘मोठी शाळा’, ‘मामाच्या गावाला’ या यश नावाच्या मुलाच्या पुस्तकांची नावंच पाहा. राक्षस नाही, राजपुत्र नाही. हात मोडणं, नव्या शाळेत पाऊल टाकणं, मामाकडे जाणं. मोठ्यांना किरकोळ वाटणाऱ्या या गोष्टी पाच वर्षांच्या जीवासाठी डोंगराएवढ्या असतात. धीर धर, असं पुस्तक म्हणत नाही. धीर धरणारं एक पोर पानावर असतं, आणि वाचणारं पोर त्याच्या शेजारी बसतं.

‘चित्रवाचन’ हे त्यांचं पुस्तक तर आणखी पुढं जातं. चित्र समोर ठेवायचं, गोष्ट मुलानं सांगायची. इथं तात्पर्य विचारणाऱ्या मोठ्या माणसाचीच परीक्षा होते, कारण उत्तर छापलेलं नसतं. पुरंदऱ्यांना २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, २०१६ मध्ये ‘बिग लिटल बुक’ पुरस्कारही. योग्यच झालं.

याआधीही प्रयत्न झाले होते. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयानं एकच पुस्तक अनेक भारतीय भाषांत, स्वस्तात देण्याचं काम केलं. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून खेड्यातल्या शाळांत पोचलं. आणि ‘चांदोबा’तल्या वेताळाला कसं विसरावं? गोष्ट संपवून तो विक्रमाला प्रश्न विचारतो. मुलांना तात्पर्य नको असतं, प्रश्न हवा असतो, हे त्या प्रेताला पक्कं ठाऊक होतं.

आता पुन्हा जिल्ह्यात यावं. महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात इथलीच, विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेच्या काठी केलेली. संगमनेर, राहाता, कोपरगाव, राहुरी हा उसाचा पट्टा. पाथर्डी, शेवगाव, जामखेड ही ऊस तोडायला जाणाऱ्यांची गावं. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. मोठी पोरं गावात हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहतात, लहानगी आईबरोबर जातात. फडाजवळच्या कोपीत, म्हणजे बांबूच्या कामट्या, चटया किंवा पाचट घालून उभारलेल्या खोपटात, त्यांचा हिवाळा सरतो. सहा-सात वर्षांची बहीण वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन सांभाळते.

आपल्या चित्रपुस्तकांतलं घर बहुतेक वेळा शहरातलं असतं: गॅलरी, सोफा, स्वतःची खोली. कोपीतल्या मुलीनं त्यातही गंमत शोधावी, शोधतेच; दुसऱ्याचं घर बघणं हाही पुस्तकाचा आनंद आहे. पण ‘मोठ्या शाळे’ची धास्ती वर्षातून दोनदा शाळा सुटणाऱ्या पोराला जितकी कळते, तितकी कुणाला कळणार? आपली धास्ती, आपलं खोपट, आपली बैलं एकदा तरी रंगीत पानावर दिसणं हा त्या पोराचा हक्क आहे. जिल्ह्यात चित्रांना तोटा नाही. निघोजचे कुकडीतले रांजणखळगे, रेहेकुरीची काळविटं, भंडारदऱ्याच्या झाडांवर पावसाआधी लुकलुकणारे काजवे, कोंभाळण्यात राहीबाई पोपेरेंनी मडक्यांत जपलेलं गावरान बियाणं. यातल्या कुठल्याही विषयात उपदेश घुसडायची गरज पडणार नाही. भोपळ्याची बी राखेत घोळून मडक्यात ठेवणारा हात नीट काढला, तरी पुष्कळ झालं.

परवडत नाही, ही सबबही आता तेवढी खरी नाही. प्रथम बुक्सनं २०१५ मध्ये ‘स्टोरीवीव्हर’ खुलं केलं. त्यावरची चित्रपुस्तकं कुणीही फुकट वाचावी, छापावी, आपल्या बोलीत उतरवावी. करोनात शाळा बंद असताना ‘गोष्टींचा शनिवार’ या उपक्रमातून अशाच गोष्टी दर आठवड्याला फोनवर येत. अकोले तालुक्यातल्या ठाकर वाडीवरच्या किंवा बंजारा तांड्यावरच्या मुलांच्या बोलीत एखादं पुस्तक करायला एका शिक्षिकेला चार संध्याकाळी पुरतील. फोनवरचं पान मात्र चार पोरांत मिळून पाहता येत नाही, त्याच्या कोपऱ्यातली मांजर बोटानं दाबून धरता येत नाही. त्यासाठी कागद लागतो.

ऊसतोडीचा हंगाम आला की पाथर्डी-शेवगावच्या रस्त्यांवर टोळ्या निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत अंथरुणं, पाण्याचा ड्रम, पाटीखाली कोंबड्या, बाजरीच्या पिठाचा डबा, आणि त्या सगळ्या ढिगावर बसलेली पोरं. चित्रपुस्तक साधारण दोन फर्म्यांचं असतं, बत्तीस पानांचं. पिठाच्या डब्याशेजारी ते सहज मावतं.