विश्लेषण : होटगीला पवनऊर्जेत वाटा मिळेल का?

होटगीजवळच एनटीपीसीचा १३२० मेगावॉटचा कोळशावरील वीजप्रकल्प आहे. अशा गावाला स्वतःच्या मालकीची पवनऊर्जा मिळवता येईल का?

गावातच पवनचक्की का अवघड?
होटगी रस्त्यावरील विमानतळाला अडथळा ठरल्याने सिद्धेश्वर साखर कारखान्याची सुमारे ९० मीटर उंच चिमणी जून २०२३ मध्ये पाडण्यात आली. आजच्या मोठ्या पवनचक्कीच्या पात्याचे टोक १५० मीटरच्याही वर जाते. विमानतळ परिसरात एवढ्या उंचीला परवानगी मिळणे कठीण.

जागा कशी ठरते?
वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर त्यातील ऊर्जा आठपट होते. म्हणूनच साताऱ्यातील वनकुसवडे पठार, धुळ्यातील ब्राह्मणवेल येथे पवनचक्क्या एकवटल्या. मात्र तिथेही वीज मिळते ती मुख्यतः पावसाळ्यात. उरलेल्या महिन्यांसाठी सौरऊर्जेची जोड लागते.

मग मार्ग कोणता?
वीज नियम, २००५ नुसार वापरकर्त्यांनी प्रकल्पात किमान २६ टक्के मालकी घेऊन किमान ५१ टक्के वीज वापरली, तर ती ‘स्ववापराची’ ठरते. प्रकल्प दूर असला तरी चालतो. सहकारी संस्थेने प्रकल्प उभारल्यास या अटी सभासदांनी मिळून पूर्ण केल्या तरी पुरते.

फायदा कोणाला?
साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्यात २०२४ पासून मोफत वीज आहे. त्यामुळे बिलातील बचत प्रामुख्याने लघुउद्योगांची. शेतकऱ्याला लाभ हवा असेल, तर तो ग्राहक म्हणून नव्हे, भागधारक म्हणूनच मिळेल.