आयत्या वेळचे विषय

साखर कारखान्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका हातात आली की मी आधी शेवटची ओळ बघतो. मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणं, अहवाल, ताळेबंद, लेखापरीक्षकांची नेमणूक हे सगळं झालं की तळाला एक विषय ठरलेला असतो : मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयांवर विचार करणे. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत मी चोवीस वर्षं कार्यक्रमांचं शूटिंग करतोय आणि माझं सगळं नियोजन या एका ओळीसाठी असतं. ठरलेल्या गोष्टी इतक्या पक्क्या बसवायच्या, की न ठरलेलं काही घडेल तेव्हा एक कॅमेरा आणि एक माइक मोकळा हवा.

कंपन्यांचे कार्यक्रम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पुण्या-मुंबईतली हॉटेलं येतात. आमच्याकडे हे काम मंडपात, ऊस टाकायच्या गव्हाणीपाशी आणि यंत्रांच्या शेडमध्ये चालतं. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा, एवढे सहकारी साखर कारखाने दोन तालुक्यांत आहेत. वालचंदनगरला अवजड यंत्रं बनतात. बारामती एमआयडीसीत पियाजिओच्या तीनचाकी रिक्षा बनतात, २०१२ पासून व्हेस्पाही बनते. भारत फोर्ज आहे, फेरेरोचा चॉकलेटचा कारखाना आहे. सप्टेंबरात सभा, दसऱ्याच्या आगेमागे बॉयलर अग्निप्रदीपन, खंडेनवमीला यंत्रांची पूजा, जानेवारीत कृषी विज्ञान केंद्रावरचं कृषिक प्रदर्शन, आणि अधूनमधून डीलरांचे मेळावे, कामगारांचे सत्कार. वर्ष असं भरलेलं असतं.

सहकार कायद्यानुसार आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत सभा घ्यावी लागते. त्यामुळे सगळ्यांच्या सभा सप्टेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात एकमेकींवर येतात. पावसाची शेवटची सर त्याच दिवसांत असते. जागेच्या पाहणीला मी आदल्या दिवशी, सभेच्या वेळेलाच जातो. सभा अकराची असेल तर अकरालाच. सकाळी आठला जे ऊन पाठीमागून येतं ते अकराला मंडपाच्या फटीतून थेट अध्यक्षांच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडतं, हे आठला कळत नाही.

मंडपात गेल्यावर पहिल्यांदा वर बघायचं. कापडाचा रंग कुठला? पिवळं कापड असेल तर उन्हात खालचा प्रत्येक माणूस काविळीसारखा दिसतो, निळं असेल तर आजारी दिसतो. स्टेजवर पांढरा झोत आणि सभासदांवर कापडाचा रंग, असा दुहेरी उजेड आला की एका कॅमेऱ्याचा रंग दुसऱ्याला जुळत नाही. मग मी पांढरा कागद घेऊन तीन ठिकाणी उभा राहतो आणि प्रत्येक कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स त्या त्या जागेचा ठरवून ठेवतो. गेल्या वर्षी एका मंडपवाल्या अण्णांना विनंती केली, "स्टेजच्या पुढच्या तीन पट्ट्या तेवढ्या पांढऱ्या लावा." ते म्हणाले, "आधी सांगत जावा की दादा, आमाला काय, कापड हायेच." खरंच आधी सांगितलं की बहुतेक गोष्टी फुकटात होतात.

दुसरी जागा स्पीकरवाल्यांची. त्यांच्या मिक्सरमधून थेट वायर आपल्या रेकॉर्डरला मिळाली, तर व्यासपीठावरचा आवाज स्वच्छ मिळतो. ती वायर किती लांब लागेल, ती लोकांच्या पायांत येईल का, आणि जनरेटर किती जवळ आहे, हे पावलांनी मोजायचं. जनरेटरच्या वायरीला आपली वायर समांतर गेली की सबंध चार तास एक बारीक घूं असा आवाज भरून राहतो. तो मंडपाच्या गोंगाटात ऐकू येत नाही. सभा सुरू झाल्यावर दिवंगत सभासदांना श्रद्धांजली वाहतात, हजारो माणसं उभी राहतात, शांत होतात. त्या शांततेत माझ्या कानावर हेडफोन असतो आणि तेव्हाच वायरीतला दोष असेल तर उघडा पडतो. मान खाली घालून उभं राहायचं आणि ऐकायचं, दोन्ही करावं लागतं.

पण मिक्सरच्या वायरीत फक्त व्यासपीठ येतं. सभा मात्र समोर बसलेली असते. ठराव वाचला जातो, क्षणभर थांबतात आणि मंडपातून "मंजूर, मंजूर" असा आवाज येतो. कधी डाव्या कोपऱ्यातून "नामंजूर" येतो. कोणाचा आवाज मोठा होता, यावर पुढे गावोगावच्या पारावर महिनाभर चर्चा चालते. मिक्सरवरून घेतलेल्या रेकॉर्डिंगमध्ये त्या जागी नुसती शांतता असते. पाहणाऱ्याला वाटेल, कोणी काही बोललंच नाही. म्हणून मी मंडपाच्या मधल्या दोन खांबांना, डोक्याच्या वर, दोन वेगळे माइक बांधतो. सभासदांचे आवाज त्यांच्यात येतात. शिवाय सभेचं मूळ रेकॉर्डिंग मी सलग ठेवतो, मध्ये कुठेही कापत नाही. छोटी फिल्म वेगळी करायची, पण मूळ जसं घडलं तसं कारखान्याच्या कार्यालयात जमा झालं पाहिजे. उसाचा टनामागचा दर, कपात, वजनकाटा यांवर माणूस वर्षातून एकदा उभा राहून बोलतो. त्याचं वाक्य अर्धं राहिलं तर ते माझं काम चुकलं.

सलग रेकॉर्डिंग म्हटलं की हिशेब येतो. चांगल्या प्रतीच्या फोर-के चित्रणाला एका कॅमेऱ्याचे तासाला साधारण ४५ जीबी जातात. १२८ जीबीचं कार्ड पावणेतीन तासांत भरतं. तीन कॅमेऱ्यांची कार्डं एकाच वेळी सुरू केली तर ती एकाच वेळी संपतात, आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी माइककडे चालत येत असतं. म्हणून पहिल्या कॅमेऱ्याचं कार्ड मी सत्कार चालू असतानाच बदलून घेतो, भरलेलं नसलं तरी. आणखी एक अडचण नव्या पोरांना ठाऊक नसते. फोटोसाठी बनवलेले बरेच जुने कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबतात. युरोपात त्यापुढे रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राला व्हिडिओ कॅमेरा धरून जादा आयातकर लागायचा, म्हणून कंपन्यांनी ती मर्यादा घातली. त्या कराचा फटका इथे निमगाव केतकीच्या मंडपात बसू शकतो. लांबणाऱ्या सभेला असा कॅमेरा मी एकटा ठेवत नाही.

अग्निप्रदीपनाचं गणित उलटं. तिथे चार तासांतली दोन मिनिटं महत्त्वाची. मुहूर्त ठरलेला असतो. संचालकांपैकी कोणी एक दांपत्य पूजेला बसतं, भटजी घड्याळ बघतात, आणि भट्टीचं लोखंडी दार उघडलं की पेटता टेंभा आत जातो. पुन्हा करा म्हणायची सोय नाही. आदल्या दिवशी बॉयलरच्या फोरमनना विचारून मी त्या दारासमोर उभा राहतो. दार डावीकडे उघडतं की उजवीकडे, तेवढंच आधी बघायचं. डावीकडे उघडणाऱ्या दाराच्या डाव्या बाजूला उभं राहिलं तर टेंभा दारामागे जातो आणि आपल्याला मिळतात फक्त पाहुण्यांच्या पाठी. आत काळोख, हातात ज्वाला, अंगावर पांढरे सदरे. कॅमेरा आपोआप उजेड ठरवायला ठेवला तर ज्वाळेसरशी सगळे चेहरे काळे पडतात. म्हणून चेहऱ्यावर उजेड बांधून ठेवायचा आणि ज्वाला पांढरी झाली तर होऊ द्यायची. हवेत बगॅसचा भुसा उडत असतो, तो भिंगावर बसला तर घासायचा नाही, फुंकणीने उडवायचा. घासला की काचेवर ओरखडा राहतो.

गळीत सुरू झाल्यावर एक वेगळी तयारी लागते, ती रस्त्याची. बारामती-इंदापूर हे अंतर पन्नासेक किलोमीटर, एरवी तासाभराचं. दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या काट्याकडे निघाल्या की तेवढ्यालाच दीड-दोन तास जातात. सामानाची गाडी मी आदल्या रात्रीच पुढे पाठवतो.

एमआयडीसीतल्या कंपन्यांमध्ये शिस्त वेगळी. मिनिटामिनिटाची कार्यक्रमपत्रिका मिळते, ती बहुतेक पाळलीही जाते. तिथे आधी लिहून घ्यायचं ते परवानग्यांचं. खाद्यपदार्थांच्या कारखान्यात उत्पादन विभागात काच आणि सुटे स्क्रू यांची मोजदाद होते, भिंगाचं झाकणसुद्धा नोंदवून न्यावं लागतं. वालचंदनगरसारख्या ठिकाणी, जिथे इस्रोच्या रॉकेटसाठी मोटर-केसिंग बनतात, कॅमेरा कुठल्या दारापर्यंत न्यायचा ते लेखीच हवं. ड्रोनबद्दल तर मी आग्रहाने सांगतो : बारामतीचा विमानतळ एमआयडीसीलगत आहे, वैमानिकांचं प्रशिक्षण तिथे चालतं. डिजिटल स्काय नकाशा पाहिल्याशिवाय आणि पोलिसांना विचारल्याशिवाय ड्रोन उडवू नये, साहेब कितीही म्हणाले तरी. सभागृहात मागे एलईडी स्क्रीन असेल तर तो आदल्या दिवशी चालू करून कॅमेऱ्यातून बघावा. आपली वीज ५० हर्ट्झची. सेकंदाला २५ चित्रं आणि शटर पन्नासांश ठेवलं की दिव्यांचे पट्टे फिरत नाहीत. साठांश ठेवलं की पडद्यावर सावल्या सरकायला लागतात, आणि स्क्रीनचा स्वतःचा वेग असतो तो वेगळाच.

ही सगळी माहिती मी हळूहळू जमवली. पण आयत्या वेळच्या विषयाला जागा ठेवायची, हे मी एकाच दिवसात शिकलो. एका कंपनीचा पंचवीस वर्षं सेवा झालेल्या कामगारांचा सत्कार होता. प्रमुख पाहुणे बोलून निघून गेले. पत्रिकेत पुढे फक्त आभार आणि जेवण होतं. मी दोन कॅमेरे बॅगेत भरले, तिसऱ्याची बॅटरी काढली. तेवढ्यात निवृत्त होणारे एक ऑपरेटर काका स्वतःहून माइककडे गेले. पहिलं यंत्र उतरवलं त्या रात्रीपासून त्यांनी सांगायला सुरुवात केली. बोलता बोलता थांबले, खिशातून रुमाल काढला, शेजारच्या सहकाऱ्याचा हात धरला. सभागृह उभं राहिलं. माझ्याकडे त्यातलं काही नाही. चार महिन्यांनी त्यांची मुलगी स्टुडिओत आली. काका गेले होते. तिने विचारलं, "बाबांचं ते बोलणं तुमच्याकडे असेल ना?" मी तिला पाहुण्यांच्या भाषणाचे चाळीस मिनिटांचे तीन कोन देऊ शकत होतो. तिच्या वडिलांचं एक वाक्य देऊ शकलो नाही.

त्यानंतर पाहुणे गेल्यावर माझा एकही कॅमेरा बंद होत नाही. सतरंज्या गुंडाळायला लागेपर्यंत एक माणूस स्टेजवर नजर ठेवून उभा असतो, त्याचं जेवण आम्ही झाकून ठेवतो. सत्कारमूर्तींची यादी मी आधी मागून घेतो. नाव, हुद्दा, किती वर्षं सेवा आणि घरचं कोण येणार आहे तेही. घरचे कुठे बसलेत हे माहीत असलं की शाल पडताना दुसरा कॅमेरा बायकोच्या, मुलांच्या चेहऱ्यावर असतो.

रात्री घरी आल्यावर कार्डं दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवतो, दोन्हीकडे फाइल उघडून बघतो, मगच झोपतो. दोन मिनिटांची उभी चित्रफीत त्याच संध्याकाळी गेलेली असते, कारण गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दुसऱ्या दिवशी ती शिळी होते. मूळ रेकॉर्डिंग मी पाच वर्षं जपतो.

सभा, मेळावा, सत्कार ठरवणाऱ्या कारखान्यांना आणि कंपन्यांना माझी एवढीच विनंती आहे. मंडपवाल्याला आगाऊ रक्कम देता त्याच दिवशी शूटिंगवाल्यालाही फोन करा. स्टेज बांधायच्या आधी अर्धा तास जागा दाखवा, स्पीकरवाल्याचा नंबर द्या, नावांची यादी द्या. आणि पत्रिकेत आभारानंतर दहा मिनिटं मोकळी ठेवा, माइक चालू ठेवून.