पीआरपी इंजेक्शन म्हणजे काय? आपल्याच रक्ताने गुडघा आणि टेंडन खरंच बरे होतात का?

गुडघा, खांदा किंवा टाच दुखते म्हणून तुम्ही मोबाईलवर एकदा जरी काही सर्च केलं असेल, तर त्यानंतर एक रील तुमच्यासमोर नक्की आली असेल. हातातून रक्त काढतात, छोट्या मशीनमध्ये ते गरगर फिरवतात, वर पिवळसर पाणी जमतं आणि तेच पाणी सुईने गुडघ्यात सोडतात. खाली लिहिलेलं असतं, 'ऑपरेशनशिवाय, स्वतःच्या रक्ताने उपचार!'

या उपचाराचं नाव पीआरपी, म्हणजे प्लेटलेट-रिच प्लाझ्मा. आज आपण बघूया की हे तंत्र नेमकं काय आहे, ते कसं काम करतं, कुठे उपयोगी पडू शकतं आणि पैसे भरण्याआधी डॉक्टरांना काय विचारायचं.

प्लेटलेट्स म्हणजे काय?

हा शब्द आपल्याकडे डेंग्यूमुळे घराघरात पोहोचला आहे. 'प्लेटलेट्स किती आल्या?' हा प्रश्न पावसाळ्यात प्रत्येक हॉस्पिटलबाहेर ऐकू येतो. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात, म्हणजे एका थेंबापेक्षाही कितीतरी कमी रक्तात, साधारण १.५ ते ४.५ लाख प्लेटलेट्स असतात.

आपल्याला त्यांचं एकच काम माहीत असतं, ते म्हणजे जखम झाली की रक्त थांबवणं. पण त्यांचं दुसरंही काम आहे. प्रत्येक प्लेटलेटमध्ये बारीक पिशव्या असतात आणि त्यात ग्रोथ फॅक्टर नावाची प्रथिनं साठवलेली असतात. जखमेच्या जागी प्लेटलेट फुटली की ही प्रथिनं बाहेर पडतात आणि आजूबाजूच्या पेशींना निरोप देतात की इकडे या, नवीन रक्तवाहिन्या तयार करा, दुरुस्ती सुरू करा. सोप्या भाषेत सांगायचं तर जखमेच्या ठिकाणी गेलेलं हे नोटिफिकेशन आहे.

मग ही कल्पना आली कुठून?

स्नायूला हाडाशी जोडणारी जी मजबूत दोरी असते, तिला टेंडन म्हणतात. टाचेच्या मागे हाताला लागते ती जाड दोरी म्हणजे अकिलीस टेंडन. या दोऱ्यांना रक्तपुरवठा खूप कमी असतो. सांध्यातल्या हाडांवर जो गुळगुळीत थर असतो, ज्याला आपण बोलताना 'गादी' म्हणतो, त्या कार्टिलेजमध्ये तर रक्तवाहिन्याच नसतात. म्हणून बोट कापलं तर आठवड्यात भरतं, पण टेंडनचं दुखणं महिनोन्‌महिने रेंगाळतं.

यावरून डॉक्टरांना वाटलं की जिथे रक्त पोहोचत नाही, तिथे प्लेटलेट्स आपणच नेऊन सोडल्या तर? १९९० च्या दशकात जबड्याच्या आणि दातांच्या शस्त्रक्रियांमध्ये हा प्रयोग सुरू झाला आणि नंतर तो खेळाडूंच्या दुखापतींकडे वळला.

२००९ मध्ये अमेरिकन फुटबॉलपटू हाइन्स वॉर्डने गुडघ्याच्या दुखापतीवर पीआरपी घेतलं आणि तो सुपर बोल खेळला. गोल्फपटू टायगर वूड्सनेही आपण हा उपचार घेतल्याचं जाहीरपणे सांगितलं. मग काय, जगभर मागणी वाढली. उत्तेजक द्रव्यांवर नजर ठेवणाऱ्या 'वाडा' संस्थेने २०१० मध्ये स्नायूत पीआरपी टोचण्यावर बंदी घातली होती, पण २०११ मध्ये ती उठवली. कारण पीआरपीमुळे खेळाडूची ताकद किंवा वेग वाढतो, असा पुरावा नव्हता.

पीआरपी कसं तयार करतात?

१. दंडातून साधारण १५ ते ६० मिली रक्त काढतात. त्यात रक्त गोठू नये म्हणून औषध मिसळलेलं असतं.

२. ही ट्यूब सेंट्रीफ्यूज मशीनमध्ये जोरात फिरवतात. जड लाल पेशी तळाला जातात, त्यावर पांढऱ्या पेशींचा पातळ थर बसतो आणि वर पिवळसर प्लाझ्मा राहतो.

३. ज्या भागात प्लेटलेट्स जास्त आहेत, तेवढाच भाग सिरिंजमध्ये घेतात. त्यात मूळ रक्ताच्या साधारण तिप्पट ते पाचपट प्लेटलेट्स असाव्यात, अशी अपेक्षा असते.

४. दुखऱ्या जागी इंजेक्शन देतात. टेंडनमध्ये द्यायचं असेल तर सोनोग्राफीच्या स्क्रीनवर सुई बघत देणं चांगलं, कारण दोरी बारीक असते आणि सुई दोन मिलिमीटर बाजूला गेली तरी जागा चुकते.

रक्त तुमचंच असल्यामुळे ॲलर्जी किंवा दुसऱ्याच्या रक्तातून येणाऱ्या आजाराची भीती फारशी नसते. इंजेक्शननंतर दोन-चार दिवस दुखणं मात्र वाढू शकतं. शिवाय सुई सांध्यात जाते, त्यामुळे थोडा का होईना, जंतुसंसर्गाचा धोका असतोच.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो. पीआरपी म्हणजे स्टेम सेल नाही. कुणी दोन्ही नावं एकत्र करून विकत असेल, तर तिथेच सावध व्हा.

सगळं पीआरपी सारखं नसतं

फोन घेताना आपण नुसतं '१०८ मेगापिक्सेल' ऐकून पैसे देत नाही. सेन्सर कोणता, लेन्स कशी, फोटो खरंच कसा येतो, हे बघतो. पीआरपीचंही तसंच आहे. किती वेळ फिरवलं, कोणतं किट वापरलं, पांढऱ्या पेशी ठेवल्या की काढल्या आणि तुमच्या रक्तात मुळात किती प्लेटलेट्स होत्या, यावर सिरिंजमधला माल बदलतो. दोन क्लिनिकमध्ये 'पीआरपी' ही पाटी एकच असली, तरी आत वेगळं काही असू शकतं. गोळीच्या पाकिटावर जसं ५०० मिलिग्रॅम छापलेलं असतं, तसं इथे काहीच छापलेलं नसतं.

आता मुद्द्याचा प्रश्न: फायदा होतो का?

माझा मामेभाऊ पोलीस भरतीची तयारी करतो. १६०० मीटरचा सराव करून करून त्याच्या गुडघ्याच्या वाटीखालची दोरी दुखायला लागली. त्याचा मेसेज आला, 'दादा, तीन इंजेक्शनचं पॅकेज सांगतायत. घेऊ का?' घरात पैशांची ओढाताण आणि भरती तोंडावर. त्याला उत्तर द्यायचं म्हणून मी अभ्यास वाचायला बसलो. जे सापडलं ते असं.

आधी एक गोष्ट समजून घ्या. इंजेक्शन घेतल्यावर बरं वाटलं, याचा अर्थ इंजेक्शनमुळेच बरं वाटलं असं होत नाही. विश्रांती मिळते, वेळ जातो, मनाला आशा असते आणि या सगळ्याने दुखणं कमी होतं. म्हणून चांगल्या अभ्यासात निम्म्या लोकांना पीआरपी देतात आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं निर्जंतुक पाणी. कुणाला काय मिळालं, हे रुग्णाला सांगत नाहीत.

वाटीखालची दोरी: २०१९ मध्ये ५७ खेळाडूंवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पांढऱ्या पेशी असलेलं पीआरपी, त्या नसलेलं पीआरपी आणि मिठाचं पाणी असे तीन गट केले. व्यायाम सगळ्यांनाच दिला. वर्षभरानंतर तिन्ही गटांत लक्षात येण्यासारखा फरक नव्हता.

अकिलीस टेंडन: नेदरलँड्समध्ये २०१० साली ५४ रुग्णांवर आणि ब्रिटनमध्ये २०२१ साली २४० रुग्णांवर झालेल्या अभ्यासांत खोट्या उपचारापेक्षा पीआरपी सरस ठरलं नाही.

टेनिस एल्बो: इथे चित्र जरा वेगळं आहे. २०१० च्या एका डच अभ्यासात १०० रुग्णांमध्ये वर्षभरानंतर स्टेरॉइडच्या इंजेक्शनपेक्षा पीआरपी चांगलं ठरलं. पण स्टेरॉइडने या दुखण्यात सुरुवातीला झटपट आराम पडतो आणि नंतर ते पुन्हा उलटू शकतं. म्हणजे समोरचा स्पर्धकच कच्चा होता. २०२१ मध्ये सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा मिठाच्या पाण्यापेक्षा म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही.

गुडघ्याची झीज: हा आजार बहुतेक आपल्या आई-वडिलांच्या वयाचा. काही छोट्या अभ्यासांत पीआरपीने दुखणं कमी झालेलं दिसतं. पण ऑस्ट्रेलियात २८८ जणांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये आलेल्या अभ्यासात वर्षभरानंतर १० पैकी दुखण्याचा आकडा पीआरपी गटात २.१ ने उतरला आणि मिठाच्या पाण्याच्या गटात १.८ ने. कार्टिलेजची झीजही थांबली नाही. डॉक्टरांच्या संघटनांचंही एकमत नाही. अमेरिकेतल्या संधिवात तज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये गुडघ्यासाठी पीआरपी देऊ नका असा सल्ला दिला, तर तिथल्याच हाडांच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०२१ मध्ये 'फायदा होऊ शकतो, पण पुरावा मर्यादित आहे' असं म्हटलं.

वरचे आकडे नीट बघा. मिठाच्या पाण्यानेही दुखणं १.८ ने उतरलं. म्हणजे रीलमध्ये 'मला फरक पडला' म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. फरक पडलेला असतो, पण तो पिवळ्या पाण्याने पडला की नाही, हे त्यालाही कळायला मार्ग नसतो.

मग आधी काय करायचं?

टेंडनच्या जुनाट दुखण्यावर सगळ्यात भरवशाचा उपाय जवळजवळ फुकट आहे. तो म्हणजे हळूहळू भार वाढवत केलेला व्यायाम. स्वीडनमध्ये १९९८ साली अकिलीसच्या दुखण्याने हैराण झालेल्या १५ धावपटूंना १२ आठवडे रोज एकच व्यायाम दिला होता: पायरीच्या कडेवर चवडे टेकवून उभं राहायचं आणि टाच सावकाश खाली सोडायची. रोज १८० वेळा! ते सगळे पुन्हा धावायला लागले. अभ्यास छोटा होता, पण आजच्या फिजिओथेरपीचा पाया त्यातून घातला गेला. हा व्यायाम कंटाळवाणा आहे, त्याची कुणी रील बनवत नाही, आणि भरती जवळ आली की १२ आठवडे खूप वाटतात. पण दोरीला लागणारा वेळ इंजेक्शनने कमी होतो, असं वरच्या अभ्यासांत दिसत नाही.

मामेभावाला मी एवढंच म्हटलं की पैसे भरण्याआधी खालचे प्रश्न विचार. त्याच्या डॉक्टरांनीच मग आधी तीन महिने फिजिओ करायला सांगितलं.

डॉक्टरांना विचारायचे ६ प्रश्न

• माझं नेमकं निदान काय? टेंडन, लिगामेंट की कार्टिलेज?
• या दुखण्यासाठी व्यायामाचा पूर्ण कोर्स झाला आहे का?
• पीआरपीत पांढऱ्या पेशी ठेवणार की काढणार, आणि का?
• तयार झालेल्या पीआरपीतल्या प्लेटलेट्स मोजणार का?
• सुई सोनोग्राफी बघून देणार का?
• एका इंजेक्शनने फरक पडला नाही, तर उरलेल्या पॅकेजचे पैसे परत मिळतील का?

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, प्लेटलेट्स कमी असतील, रक्ताचा काही आजार असेल किंवा अंगात ताप अथवा जंतुसंसर्ग असेल, तर ते आधीच सांगा. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या प्लेटलेट्सचं काम मंदावतात, म्हणून त्या काही दिवस बंद ठेवायला सांगतात. पण हृदयासाठी चालू असलेली ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नका.

थोडक्यात

पीआरपी ही फसवणूक नाही आणि जादूही नाही. कल्पना चांगली आहे, धोका कमी आहे, पण टेंडन आणि सांध्यांसाठीचा पुरावा अजून जाहिरातींच्या मागे आहे. 'स्वतःचं रक्त' या शब्दांनी उपचार बऱ्यापैकी सुरक्षित आहे एवढंच कळतं. तो चालतो की नाही, हा प्रश्न वेगळा आहे आणि तो वेगळाच विचारायचा.

ही माहिती समजून घेण्यासाठी आहे, उपचाराचा निर्णय तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या. तुमच्या ग्रुपमध्ये कुणी गुडघा धरून बसलेला धावपटू असेल, तर त्याला हा लेख नक्की पाठवा. आणि पीआरपीबद्दल तुमचा काही प्रश्न असेल तर जरूर कळवा, त्यावर पुढच्या लेखात बोलू.